एक सेंट, एक मूठ पीठ

आमच्या स्वयंपाकघरात पिठाचे दोन डबे असत. मोठा पत्र्याचा, घरच्या पिठाचा. धाकटा डालडाचा, त्याच्या झाकणाला वडिलांनी खिळ्याने भोक पाडून सुतळी ओवलेली. आई परातीत भाकरीचं पीठ घ्यायची आणि पाणी घालण्याआधी त्यातली एक मूठ उचलून धाकट्या डब्यात टाकायची. सकाळी एक, संध्याकाळी एक. सुगीत ती मूठ मोठी झाली नाही आणि दुष्काळात लहान झाली नाही. ७२ साली रेशनवर लाल मिलो ज्वारी आली, तेव्हा डब्यात मिलोचं पीठ पडू लागलं, एवढाच फरक.

रविवारी तो डबा घेऊन आम्ही देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, जायचो. उपासना संपली की सगळ्यांच्या डब्यांतलं पीठ ओट्यावर एका पोत्यात रिकामं व्हायचं आणि त्याचा लिलाव व्हायचा. ज्वारी, बाजरी, कुठे गहू, सगळं एकत्र. अशा मिसळ पिठाला बाजारात कोणी उभं केलं नसतं, पण आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या माणसांत, त्याच्यावर हटकून बोली चढायची. वर्षातून एकदा उपकारस्तुतीच्या सणाला कोंबड्या, भोपळे, पेरू यांचाही लिलाव व्हायचा. पण माझ्या मनात राहिलं ते दर आठवड्याचं पीठ.

एकदा मी आईला विचारलं, हे पैसे कोणाला जातात?

“सेवकाला.”

“कोणत्या?”

“जो लांब आहे त्याला.”

एवढ्याने माझं समाधान झालं होतं. मग त्याच दुष्काळाच्या वर्षी वर्गातली एक मुलगी सहज म्हणून गेली, “तुमचं काय बाई, तुम्हाला अमेरिकेहून येतं.” तिच्या मनात वाकडं काही नसावं, घरात ऐकलेलं तिने बोलून दाखवलं. मिलो तर तीही खात होती, आणि तीही अमेरिकेचीच होती. पण ‘तुम्हाला’ हा शब्द मला लागला. घरी येऊन मी वडिलांपुढे रडले. ते रागावतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, “खोटं नाही ते. आलेलं आहे. तुझी शाळा त्यातूनच उभी राहिली. पण कोणी पाठवलं, ते तिला माहीत नाही आणि तुलाही नाही. ते शोध.”

ते शोधायला मला पन्नास वर्षं लागली. नोकरी, संसार, मुलं यांतून निवृत्त झाल्यावर मंडळीच्या खजिनदारकीचं काम अंगावर आलं, तेव्हा कुठे मी त्या गोष्टीकडे वळले.

पाठवणाऱ्या संस्थेचं पूर्ण नाव ‘अमेरिकन बोर्ड ऑफ कमिशनर्स फॉर फॉरिन मिशन्स’. आमची वडीलधारी माणसं नुसतं ‘बोर्ड’ म्हणत. “बोर्डाने जागा घेतली”, “बोर्डाचं पत्र आलं”. लहानपणी मला वाटायचं, बोर्ड म्हणजे शाळेतल्या फळ्यासारखी काहीतरी मोठी काळी वस्तू बॉस्टनला टांगलेली असेल.

तिची सुरुवात गवताच्या गंजीपाशी झाली. १८०६ चा ऑगस्ट, मॅसॅच्युसेट्समधलं विल्यम्सटाउन. कॉलेजातली पाच मुलं प्रार्थनेसाठी शेतात जमली होती. विजा कडाडायला लागल्या तशी ती गंजीच्या आडोशाला गेली, आणि तिथेच आशियाबद्दल बोलणं निघालं. सॅम्युएल मिल्स म्हणाला, आपण जायला हवं. ऐन विशीतली ही पोरं. त्यांच्या देशातून समुद्रापलीकडे मिशनरी पाठवणारी एकही संस्था तेव्हा नव्हती, आणि तो देशच मुळी तिशीचा होता.

चार वर्षांनी, १८१० च्या जूनमध्ये, यांतली काही मुलं आणि अँडोव्हरच्या धर्मशिक्षण विद्यालयातले त्यांचे सोबती आपल्या भागातल्या पाळकांच्या सभेपुढे अर्ज घेऊन उभे राहिले. आम्हाला पाठवा, असा अर्ज. त्यावर आधी सहा नावं होती. सहा म्हटल्यावर सभा खर्चाला बिचकेल या धास्तीने त्यांनी दोन नावं खोडली. लूथर राईस आणि जेम्स रिचर्ड्स यांची. ज्याचं नाव खोडलं गेलं त्या मुलाला त्या रात्री काय वाटलं असेल? रिचर्ड्स तर गंजीपाशी बसलेल्या पाचांतला. पुढे तो सिलोनला गेला आणि तिथेच वारला. राईसही पहिल्याच तुकडीत निघाला. खोडलेली नावं अशी मागच्या दाराने आत आली.

बोर्ड स्थापन झालं आणि लगेच पैशाच्या अडचणीला लागलं. पहिल्या वर्षाची जमा हजार डॉलरलाही पोचली नाही. ॲडोनिराम जडसन या तरुणाला लंडनला धाडलं, की तिथल्या मिशनरी सोसायटीने खर्चाचा वाटा उचलावा. वाटेत फ्रेंचांनी त्याचं जहाज धरलं. तो सुटून लंडनला पोचला, पण भागीदारी काही जमली नाही. इकडे सेलमच्या एका श्रीमंत बाईंनी मृत्युपत्रात ३० हजार डॉलर लिहून ठेवले, आणि ती रक्कम कोर्टकचेरीत अडकून पडली. पेटी रिकामी आणि जाणारी माणसं तयार, अशी स्थिती. मग १८१२ च्या फेब्रुवारीत जहाज सुटायची वेळ आली, तेव्हा जमेल ते जमवून पाठवायचंच असं ठरलं आणि काही आठवड्यांत गावोगावच्या मंडळ्यांतून काही हजार डॉलर उभे राहिले. ६ फेब्रुवारीला सेलमच्या देवळात पाच जणांना दीक्षा दिली गेली. थंडी कडाक्याची होती, पण देऊळ गच्च भरलं होतं.

हे पैसे आले कुठून? मी हिशेब ठेवणारी बाई, माझा जीव त्याच प्रश्नावर अडकला. उत्तर शोधता शोधता मला त्या दिसल्या. बॉस्टनची मेरी वेब, चालू न शकणारी, चाकांच्या खुर्चीतली. तिने १८०० साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, बायकांची एक मिशन सोसायटी उभी केली होती. दोन वर्षांनी त्याच शहरात मिसेस सिम्पकिन्स यांनी ‘सेंट सोसायटी’ काढली. नियम एकच: दर आठवड्याला एक सेंट. वर्षाचे ५२ सेंट. ज्या काळात लग्न झालेल्या बाईच्या नावावर धड मालमत्ताही राहत नसे, त्या काळात घरखर्चातून बाजूला काढता येईल असं नाणं त्यांनी शोधलं. अशा सोसायट्या गावोगावी निघाल्या, आणि बोर्ड उभं राहिलं तेव्हा त्याच्या हाताशी हे आयतं जाळं होतं.

आठवड्याचा एक सेंट हे वाचलं तेव्हा मी चष्मा काढून ठेवला. मला आमच्या डालडाच्या डब्याची सुतळी दिसत होती.

पाठवलेल्या माणसांचं मात्र पहिलं वर्षच तारांबळीत गेलं. कलकत्त्याला पाय ठेवला तोच कंपनी सरकारने हाकललं. जडसन आणि राईस यांनी प्रवासात आणि कलकत्त्यात अभ्यास करकरून बाप्तिस्म्याबद्दलचं मत बदललं आणि ते बॅप्टिस्ट, म्हणजे कळत्या वयातच बाप्तिस्मा घ्यावा असं मानणाऱ्या पंथाचे, झाले. म्हणजे बोर्डाच्या खर्चाने गेलेली दोन माणसं बोर्डाच्या हातून गेली. जडसन ब्रह्मदेशाला गेला. राईस अमेरिकेला परतला आणि तिथल्या बॅप्टिस्टांना त्याने मिशनच्या कामाला जुंपलं. आणि हॅरिएट न्यूएल, दीक्षा मिळालेल्या पाचांतल्या एकाची बायको. ती नवऱ्यासोबत मॉरिशसला निघाली, वाटेत जहाजावर बाळंत झाली, बाळ गेलं, आणि १८१२ च्या ३० नोव्हेंबरला तीही गेली. वय १९. जिथे काम करायचं ठरवून घर सोडलं होतं, ती जागा तिने पाहिलीसुद्धा नाही.

तिची पत्रं आणि रोजनिशी अमेरिकेत छापली गेली आणि घरोघर वाचली गेली. लोकांनी आपल्या मुलींची नावं हॅरिएट न्यूएल ठेवली. बोर्डाकडे पैशाचा ओघ सुरू झाला त्यात या पोरीच्या पत्रांचा वाटा मोठा होता. हे लिहितानाही मला बरं वाटत नाही. एका मुलीच्या मरणावर संस्था वाढावी, हा हिशेब कोणत्या खात्यात मांडायचा? पण त्या वाचणाऱ्या बायकांना मी दोष देऊ शकत नाही. १९ व्या वर्षी बाळंतपणात जाणारी मुलगी त्यांच्या प्रत्येकीच्या ओळखीची होती. कोणाची बहीण, कोणाची लेक. तिने लिहिलेलं वाचून त्यांनी पदराची गाठ सोडली.

त्याच पाचांतले गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे दोघे १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईला उतरले. इथून पुढची गोष्ट आपली. गव्हर्नर सर इव्हान नेपियन स्वतः भाविक माणूस, पण वरून हुकूम होता की यांना परत पाठवा. हे दोघे अर्जांवर अर्ज करत राहिले. मधे तर गुपचूप कोचीनपर्यंत पळाले आणि धरून परत आणले गेले. शेवटी त्याच वर्षीच्या सनदी कायद्याने वातावरण बदललं आणि त्यांना राहू दिलं. वर्षभर मुक्काम करायला मिळतो की नाही याची खात्री नसताना हॉल मराठी शिकत होता, हे मला फार मोठं वाटतं.

नॉट आजारी पडून लवकरच मायदेशी गेला. हॉल राहिला. मुंबईत शाळा निघाल्या. १८२४ साली मुलींची शाळा निघाली. छापखाना आला. १८२६ च्या मार्चमध्ये हॉल नाशिककडे फेरीला गेला, तर तिथे पटकीने माणसं पटापट मरत होती. जवळची औषधं होती तेवढी त्याने वाटली आणि परतीला लागला. वाटेत एका हिंदू देवळाच्या ओसरीत मुक्काम केला आणि पहाटे त्यालाच पटकीने गाठलं. काही तासांत खेळ संपला. बरोबरच्या दोन मराठी पोरांनी त्याला घोंगडीत गुंडाळून पुरलं. बायको आणि दोन मुलं त्याने आदल्याच वर्षी प्रकृतीसाठी अमेरिकेला पाठवली होती. बातमी तिला पोचायला किती महिने लागले असतील.

आता छापखान्याबद्दल थोडं, कारण मराठी वाचणाऱ्या कोणाचंही त्याच्याशी नातं आहे, मग धर्म कोणताही असो. या अमेरिकन मिशन प्रेसमध्ये टॉमस ग्रॅहम नावाच्या माणसाने देवनागरी खिळे सुबक केले. गणपत कृष्णाजींनी आपला छापखाना काढताना पाहिलं ते याच प्रेसकडे. आणि जावजी दादाजी, निर्णयसागर छापखान्याचे जावजी, पोरवयात याच छापखान्यात टाइपाच्या कामाला होते. निर्णयसागरची सुंदर अक्षरं आजही जुन्या पोथ्यांत दिसतात. कित्येक घरांत रोज त्यांवरून बोट फिरतं. बॉस्टनच्या सेंटवाल्या बायकांना याची सुतराम कल्पना नव्हती. त्यांनी शुभवर्तमान छापायला पैसे पाठवले होते. त्या पैशाने एका मराठी पोराच्या हाताला अक्षराचं वळणही लावलं.

१८३१ च्या अखेरीस मिशन नगरला आलं. आता जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं आहे, पण माझ्या तोंडी नगरच येतं. १८४२ मध्ये तिथून ‘ज्ञानोदय’ निघाला, आणि तो आजही निघतो. माझ्या वडिलांकडे जुन्या अंकांचा गठ्ठा होता, त्याला कडुनिंबाच्या पाल्याचा वास यायचा.

आणि नगरला सिंथिया फॅरार होत्या. एकट्या, लग्न न केलेल्या बाईला समुद्रापार पाठवायला बोर्ड तयार नसे. तशी प्रथाच नव्हती. १८२७ मध्ये त्या मुंबईला आल्या, पुढे १८३९ पासून नगरला, आणि १८६२ मध्ये तिथेच वारल्या. म्हणजे ३४ वर्षं मुलींना शिकवण्यात गेली. जोतीराव फुल्यांनी नगरची ही मुलींची शाळा पाहिली होती. सावित्रीबाईंच्या अध्यापनाच्या शिक्षणाचा एक धागा फॅरार बाईंपर्यंत जातो. सावित्रीबाईंनी जे केलं ते सर्वस्वी सावित्रीबाईंचं. शेणगोळे त्यांनी झेलले, बॉस्टनने नाही. पण त्या वाटेवर एका टप्प्याला एक अमेरिकन मास्तरीण बसली होती, आणि तिच्या पगारात कुठल्या तरी शिवणकाम करणाऱ्या बाईचे वर्षाचे ५२ सेंट होते. “तुम्हाला अमेरिकेहून येतं” याचं हे उत्तर मला नऊ वर्षांची असताना देता आलं असतं तर!

पण मी वकिली करायला बसलेली नाही. वडील म्हणाले होते ‘शोध’, तर जे सापडलं ते सगळं सांगायला हवं.

देणारा लांब असला की त्याचा हुकूमही लांबून येतो. १८३७ मध्ये अमेरिकेत बँका बुडाल्या आणि बोर्डाने सगळीकडे काटकसरीचं फर्मान काढलं. सिलोनमधल्या जाफन्याला शाळा धडाधड बंद झाल्या. बॉस्टनमध्ये आकडा कमी झाला. इकडे मुलं पाटी-दप्तर घेऊन घरी गेली. पैसा कोणाचा घ्यायचा हाही प्रश्न होताच. गुलाम बाळगणाऱ्यांच्या देणग्या बोर्ड घेत होतं. त्यावर सभांमध्ये वादळं झाली, बोर्ड ठामपणे बोलेना, आणि १८४६ मध्ये गुलामगिरीविरोधी लोकांनी वेगळं होऊन ‘अमेरिकन मिशनरी असोसिएशन’ काढली. माझ्या मते बाहेर पडणारे बरोबर होते. दानाच्या पेटीत पडलेला प्रत्येक पैसा पवित्र होतो असं म्हणून सुटता येत नाही. याच बोर्डाचे खजिनदार आणि पुढे चिटणीस झालेले जेरेमाया एव्हर्ट्स चेरोकी या अमेरिकेतल्या मूळ रहिवासी लोकांना त्यांच्या भूमीवरून हुसकावण्याविरुद्ध सरकारशी जिवाच्या आकांताने लढले. बोर्डाचा मिशनरी सॅम्युएल वूस्टर त्यापायी जॉर्जियाच्या तुरुंगात गेला. एकाच कचेरीच्या एका टेबलावर हे धैर्य आणि दुसऱ्यावर ती चालढकल. मी कमिट्यांमध्ये बसले आहे. हे कसं घडतं ते मला कळतं.

नगरच्या बाबतीत सर्वांत खोल वार झाला तो रूफस अँडरसन यांच्या हातून. १८३२ ते १८६६ हा माणूस बोर्डाच्या परराष्ट्रीय कामाचा चिटणीस होता, म्हणजे जवळजवळ बोर्डच होता. त्यांचं म्हणणं असं की मिशनने परक्या भूमीवर कायमचं ठाण मांडायचं नसतं. तिथल्या मंडळीने स्वतःचा कारभार स्वतः पाहावा, स्वतःचा खर्च स्वतः उचलावा, स्वतःचा प्रसार स्वतः करावा. मग मिशनऱ्याने पुढे जावं. विचार सोन्यासारखा आहे. त्या काळात गोऱ्या माणसाने असं म्हणणं साधी गोष्ट नव्हती. १८५४-५५ मध्ये ते स्वतः इकडे येऊन गेले. त्याच सुमारास हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांना पाळक म्हणून दीक्षा मिळाली, आणि आमच्या मंडळ्या आमच्या माणसांच्या हाती यायला लागल्या.

पण त्याच भेटीत ठरलं की मिशनच्या शाळांत इंग्रजी नको. मराठीत शिकवा, खेड्यात काम करणारे सेवक तयार करा, तेवढं पुरे. मी मराठीवर जीव टाकणारी आहे, आणि तरी हे वाचताना माझ्या पोटात कालवतं. इंग्रजी शिकून मुलं नोकऱ्यांच्या मागे लागतील, हा त्यांचा आक्षेप. लागली असती तर काय बिघडलं असतं? ज्या घरांना पिढ्यान्‌पिढ्या गावकुसाबाहेर ठेवलं होतं, त्या घरातल्या पोराला कारकून व्हावंसं वाटलं तर ते पाप नव्हतं. खुद्द इथल्या काही मिशनऱ्यांनाही हे रुचलं नव्हतं. ज्यांच्या मुलांचं ठरवायचं होतं, त्या आईबापांना कोणी विचारलं नाही. कारण पैसा त्यांचा नव्हता. स्वतःचा खर्च स्वतः उचला, हे अँडरसन यांनी का म्हटलं ते मला त्यांच्याच या निर्णयावरून सर्वांत चांगलं समजलं.

बोर्ड वाढतच गेलं. हवाई, तुर्कस्तान, चीन, दक्षिण आफ्रिका, जपान. पहिल्या पन्नास वर्षांत बाराशेच्या वर माणसं त्याने पाठवली. ती सगळी यादी मी देत बसत नाही. पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. १८५६ मध्ये पॅसिफिकमधल्या मायक्रोनेशियाच्या बेटांवर पोचायला जहाज हवं होतं. बोर्डाने रविवारच्या शाळांतल्या मुलांना सांगितलं, जहाज तुमचं. दहा सेंटचा एक शेअर. मुलांनी पैसे साठवले, शेअर घेतले, त्यांना जहाजाचं चित्र असलेलं प्रमाणपत्र मिळालं, आणि ‘मॉर्निंग स्टार’ समुद्रात उतरलं. मी ते प्रमाणपत्र चित्रात पाहिलं आहे. कुठल्या तरी खेड्यातल्या पोराने ते उशाखाली घेऊन झोपायचं आणि वादळाच्या रात्री आपल्या जहाजाची काळजी करायची. मला वाटतं बोर्डाला कळलेलं गुपित हेच होतं. माणूस पैसे देतो आणि विसरतो. पण त्याला कळत राहिलं की आपलं जहाज आज कुठे आहे, तर तो विसरत नाही.

त्यासाठी त्यांची एक साधी पद्धत होती. महिन्याच्या पहिल्या सोमवारी संध्याकाळी गावोगावच्या मंडळ्या प्रार्थनेला जमत. मुंबईहून, जाफन्याहून, होनोलुलूहून आलेली पत्रं ‘मिशनरी हेरल्ड’ मासिकात छापून आलेली असत. ती मोठ्याने वाचली जात. मग त्या माणसांची नावं घेऊन प्रार्थना, मग थाळी फिरायची. पत्र चार-पाच महिने जुनं. वाचताना लिहिणारा जिवंत असेलच असं नाही. तरी ते बसून ऐकत. मासिकाच्या मागच्या पानांवर देणग्यांची पोच असे: कुठल्या गावाने किती, कुठल्या बायकांच्या सोसायटीने किती. एखाद्या विधवेचा एक डॉलरसुद्धा छापला जाई.

इथवर वाचत आले आणि माझी मलाच लाज वाटली. कारण आमच्या मंडळीचंही एक जोडपं लांब आहे. नगर जिल्ह्यातलीच दोघं, ओडिशाच्या डोंगराळ भागात मुलांचं एक वसतिगृह चालवतात. आमच्यासारख्या काही मंडळ्या मिळून त्यांचा खर्च भागवतात. दर महिन्याच्या पाच तारखेच्या आत मी पैसे पाठवते. खजिनदार म्हणून त्यात एकदाही चूक झालेली नाही आणि त्याचा मला अभिमान होता. त्यांची पत्रं यायची, दोन महिन्यांतून एखादं. मी वाचायची, पंच करून फाइलला लावायची. देवळात वाचून दाखवायची राहून जायची. घोषणा आधीच लांबतात म्हणून. उत्तर तर कधीच दिलं नव्हतं. पैसे वेळेवर जातात, आणखी काय लिहायचं, असं मनात असावं.

फाइल काढून पाहिली. ११ पत्रं. शेवटच्यात खाली तिने, त्या मुलीने, हाताने एक ओळ जोडली होती: ‘मावशी, आमची पत्रं मिळतात ना?’

बोर्डाचं पुढे काय झालं ते थोडक्यात सांगते. १८६८ मध्ये बॉस्टनच्या बायकांनी आपलं स्वतंत्र ‘वुमन्स बोर्ड’ काढलं आणि अविवाहित बायकांना पाठवण्याचा खर्च आपल्या हाती घेतला. फॅरार बाईंच्या वेळी जे नवल होतं ते मग रोजचं झालं. एकेक पंथ आपली वेगळी संस्था काढून बाहेर पडत गेला. १९६१ मध्ये जुनं बोर्ड नव्या संस्थेत विलीन झालं आणि त्याचं नावही राहिलं नाही. इकडे १९७० च्या २९ नोव्हेंबरला नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. आमची मंडळी त्यात आहे. १९०५ सालीच सेरामपूरला भारतीयांनी, भारतीय पैशावर आणि भारतीय माणसांनी चालवायची म्हणून नॅशनल मिशनरी सोसायटी स्थापली होती. आणि मिझोराममध्ये वेल्सच्या मिशनऱ्यांनी लावलेल्या मंडळीतल्या बायका १९१० पासून दर स्वयंपाकाला एक मूठ तांदूळ बाजूला काढतात. त्या तांदळाच्या पैशावर आज मिझो मिशनरी लांबलांब जातात. हे मला कळलं तेव्हा आई हयात नव्हती. असती तर म्हणाली असती, “मग? मूठच ना ती.”

मागच्या रविवारी मी पाळकसाहेबांना विचारून दहा मिनिटं मागून घेतली. ११ पत्रांतली तीन वाचली. मुलांच्या खरजेबद्दल होतं, पावसात कोसळलेल्या भिंतीबद्दल होतं, ओडियातल्या एका शब्दावरून झालेल्या फजितीबद्दल होतं आणि तिच्या वडिलांच्या अंत्यविधीला पोचता आलं नाही त्याबद्दल चार ओळी होत्या. त्या चार ओळी वाचताना माझा आवाज गेला, तेव्हा पुढच्या बाकावरच्या एका मुलाने उठून पत्र माझ्या हातातून घेतलं आणि पुरं केलं.

मी म्हणाले, मी आज उत्तर लिहिणार आहे, कोणाला काही विचारायचं असेल तर सांगा. थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग एकजण म्हणाला, भिंत बांधायला किती लागतील ते विचारा. शाळकरी मुलींनी विचारलं, तिथल्या मुलींची नावं काय. मी वहीत लिहून घेत होते. मागच्या बाकावर आमच्या आजी बसल्या होत्या, नव्वदीच्या, कानाने कमी. शेजारणीने त्यांना कानात ओरडून सगळं सांगितलं. त्या काठी टेकत उभ्या राहिल्या.

“विचार पोरीला,” त्या म्हणाल्या, “तिकडं भाकरीला पीठ कशाचं मिळतं?”